तळहाताएवढी पोथी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर उभे राहून पोथीविषयी बोलायला मला संकोच वाटत नाही. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे आज मखरात बसलेला हा देव लेखनिकही आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘एका इटालियन पोथीची गोष्ट’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “चालेल, पण आपल्या माणसांना कळेल असं सांगा.” तसा प्रयत्न करतो.

सुरुवात आपल्या गोव्यापासूनच करू. जुन्या गोव्याला आपण सगळे गेलेलो आहोत. घरी पाहुणे आले की नेतोच. रस्त्याच्या एका बाजूला बॉम जेझूचे चर्च आहे. तिथे गोंयचे सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, यांचे शव आहे. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला से कॅथेड्रल, आणि त्याच्या मागच्या अंगाला आणखी एक चर्च आहे. त्याला लागून असलेल्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. संग्रहालय पाहण्यासाठी आपण आत जातो, चर्चमधून एक फेरी मारतो आणि बाहेर येतो. ते चर्च कोणाचे, असे विचारले तर बरेच जण ‘फ्रान्सिस झेवियरचेच असेल’ असे सांगतात. तसे नाही. ते असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. झेवियर सोळाव्या शतकातले, जेझुइट संघाचे. असिसीचे फ्रान्सिस त्यांच्या तीनशे वर्षे आधीचे. त्यांच्या संघाचे साधू १५१७ मध्ये गोव्यात आले. आज उभी असलेली इमारत १६६१ ची आहे.

त्या चर्चच्या वेदीकडे पुढच्या वेळी जरा थांबून पाहा. क्रुसावरचा येशू आणि त्याच्याशेजारी फ्रान्सिस असे शिल्प आहे, आणि खाली फ्रान्सिस्कन संघाची तीन व्रते कोरलेली आहेत : दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. आजूबाजूला सगळा सोनेरी मुलामा. सोन्याच्या वेदीवर दारिद्र्याचे व्रत! हे पाहून आपल्याला जे वाटते, तेच फ्रान्सिसच्या अगदी जवळच्या सोबत्यांनाही त्यांच्या काळात वाटले होते. त्यावरून संघात मोठे भांडण झाले. त्या भांडणात फ्रान्सिसची काही चरित्रे मुद्दाम नाहीशी करण्यात आली. त्यांतले एक चरित्र जवळजवळ पावणेआठशे वर्षांनी, म्हणजे अगदी अलीकडे, एका लहानशा पोथीत सापडले. आजची गोष्ट त्या पोथीची आहे.

पोथी केवढी? बारा सेंटिमीटर उंच आणि आठ सेंटिमीटर रुंद. आपल्याकडे गीतेचा किंवा हरिपाठाचा गुटका असतो ना, साधारण तेवढी. खिशातला मोबाइलसुद्धा तिच्यापेक्षा लांब असतो. पाने १२२, म्हणजे दोन्ही बाजू धरून २४४ पृष्ठे. कागद तेव्हा तिकडे अजून रुळलेला नव्हता. शेळ्या-मेंढ्यांचे कातडे चुन्यात भिजवून, ताणून, खरवडून केलेल्या चर्मपत्रावर पिसाच्या लेखणीने लिहीत. चर्मपत्र महाग, म्हणून अक्षर बारीक आणि शब्द तोडून, खुणा करून लिहिलेले. श्रीमंत मठांतल्या त्या काळच्या पोथ्यांत सोन्याचा वर्ख आणि रंगीत चित्रे असत. या पोथीत तसे काहीच नाही. चर्मपत्रही साधेच. भाषा लॅटिन. मध्य इटलीत, १२३० च्या दशकात ती तयार झाली असे तज्ज्ञ मानतात. तिच्यात फ्रान्सिसने आपल्या बंधूंना केलेले उपदेश आहेत, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचे विवरण आहे, प्रवचने आहेत, आणि फ्रान्सिसचे एक चरित्र आहे. फिरतीवर असलेल्या साधूने झोळीत ठेवावी, मुक्कामी काढून वाचावी, अशी ती पोथी. आज ती पॅरिसला, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिथल्या नव्याने आलेल्या लॅटिन पोथ्यांत तिचा क्रमांक ३२४५.

आता ज्यांचे चरित्र, त्यांच्याविषयी थोडे. इटलीतल्या असिसी नावाच्या डोंगरावरच्या गावात ११८१ किंवा ११८२ मध्ये फ्रान्सिसचा जन्म झाला. वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा हौशी, खर्चिक, मित्रांच्या घोळक्यात रमणारा. शेजारच्या गावाशी झालेल्या लढाईत पकडला गेला, तुरुंगात राहिला, आजारी पडला आणि हळूहळू बदलत गेला. कुष्ठरोग्यांची सेवा करू लागला. दुकानातले कापड विकून पैसे देवळाच्या दुरुस्तीला देऊ लागला. वडिलांनी बिशपसमोर तक्रार नेली, तेव्हा या मुलाने अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून वडिलांच्या हवाली केले आणि तिथून पुढे आपला पिता फक्त स्वर्गातला, असे जाहीर केले. त्यानंतर घर नाही, पैसा नाही. मजुरी करायची, मिळेल ते खायचे, न मिळाले तर भिक्षा मागायची. माणसे जमत गेली. १२०९ च्या सुमारास पोपने त्यांच्या जगण्याच्या पद्धतीला तोंडी मान्यता दिली. धर्मयुद्ध चालू असताना १२१९ मध्ये फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ता इथे सुलतान अल-कामिलला भेटायला गेले आणि सुखरूप परत आले. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. दोन वर्षांच्या आत, १६ जुलै १२२८ रोजी, त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

त्यांच्या चरित्रातली एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. वाटेत, घरात, कुठेही जमिनीवर लिहिलेला तुकडा पडलेला दिसला, की फ्रान्सिस तो उचलून चांगल्या जागी ठेवत. एकाने विचारले, की ख्रिस्ती नसलेल्यांनी लिहिलेले कागदही कशाला उचलता? त्यावर त्यांचे म्हणणे असे, की देवाचे नाव ज्या अक्षरांनी लिहितात तीच अक्षरे त्यातही आहेत. पत्र सांगून लिहून घेताना जास्तीचे अक्षर पडले तरी ते खोडू देत नसत. मरणापूर्वी त्यांनी जे अखेरचे सांगणे लिहवून घेतले, त्यातही पवित्र शब्द लिहिलेले कागद भलत्या ठिकाणी दिसले तर गोळा करून नीट जागी ठेवावेत, असे आहे.

आपल्याला हे परके वाटायला नको. पुस्तकाला पाय लागला की आपण पुस्तक कपाळाला लावतो. पाटीवर पाय देत नाही. पण त्याच फ्रान्सिसच्या संघाने त्यांच्याविषयी लिहिलेल्या पोथ्यांचे पुढे काय केले, ते आता ऐका.

फ्रान्सिस गेल्यानंतर पोप नवव्या ग्रेगरीने चरित्र लिहायला सांगितले. हे काम त्यांच्याच संघातल्या टॉमस नावाच्या साधूकडे आले. तो चेलानो गावचा. आपल्या पद्धतीने त्याला चेलानोकर म्हणू. १२२८-२९ मध्ये चेलानोकरांनी पहिले चरित्र लिहिले. पुढे लोकांची तक्रार आली की ग्रंथ फार लांबला आहे. म्हणून संघाचे तेव्हाचे प्रमुख एलियास यांच्या काळात, म्हणजे १२३२ ते १२३९ या वर्षांत, चेलानोकरांनी दुसरे, आटोपशीर चरित्र केले. ते नुसते संक्षेप नव्हते. काही गोष्टी नव्याने घातल्या, काहींवर पुन्हा विचार केला. हे आटोपशीर चरित्र लक्षात ठेवा, कारण पोथीत सापडले ते हेच.

दरम्यान संघ वाढत होता. विद्यापीठांत त्यांचे पंडित शिकवू लागले, शहरांत मोठे मठ उभे राहिले. मग प्रश्न आला : फ्रान्सिसचे दारिद्र्य आपण किती पाळायचे? शब्दशः पाळायचे, की काळाप्रमाणे मुरड घालायची? जे फ्रान्सिसबरोबर राहिले होते ते म्हणत, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, सूट नाही. नवे लोक म्हणत, हजारो माणसांचा संघ चालवायचा तर पुस्तके लागतात, घरे लागतात. दोन्ही बाजू आपले म्हणणे खरे करण्यासाठी फ्रान्सिसच्या चरित्राकडेच जात. १२४४ मध्ये संघाने फर्मान काढले, की ज्याला ज्याला फ्रान्सिसविषयी खात्रीने काही माहीत असेल त्याने ते लिहून पाठवावे. त्याप्रमाणे लिओ, रुफिनो आणि आंजेलो या तीन जुन्या सोबत्यांनी आपल्या आठवणी पाठवल्या. सोबत जोडलेल्या पत्रावर ग्रेच्चो गावाचे नाव आणि ११ ऑगस्ट १२४६ ही तारीख आहे. त्या आठवणी घेऊन चेलानोकरांनी आणखी एक चरित्र लिहिले. जितकी चरित्रे वाढली तितके वाद वाढले.

१२५७ मध्ये बोनाव्हेंतुरा नावाचे मोठे पंडित संघाचे प्रमुख झाले. माणूस सज्जन आणि साधनेत खोल होता. संघ फुटू नये ही त्यांची खरी काळजी होती. सभेने सांगितल्यावरून त्यांनी सगळ्या जुन्या चरित्रांतून निवडून, जुळवून एक नवे चरित्र सिद्ध केले. ते १२६३ मध्ये सभेपुढे ठेवले गेले. ग्रंथ सुंदर आहे, पुढे शेकडो चित्रकारांनी त्यावरून चित्रे काढली. पण तीन वर्षांनी, १२६६ मध्ये, पॅरिसला भरलेल्या सभेने ठराव केला : यापुढे हेच चरित्र राहील. आधीची सर्व चरित्रे नष्ट करावीत, आणि संघाबाहेर कुठे प्रती असतील तर त्याही मिळवून काढून टाकण्याचा प्रयत्न करावा.

जो माणूस रस्त्यात पडलेले परक्याचे अक्षरसुद्धा उचलून ठेवी, त्याच्याविषयी त्याच्याच माणसांनी, त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांत, हा ठराव केला. यात कोणी दुष्ट नव्हते. घरात भांडण नको, सगळ्यांनी एकच गोष्ट सांगावी, एवढाच हेतू. मला याचीच भीती वाटते. वाईट माणसांनी जाळलेल्या ग्रंथांची नोंद इतिहासात होते. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने पुसलेल्या ग्रंथांची फारशी होत नाही.

ठराव बराचसा अमलात आला. चेलानोकरांचे पहिले चरित्र मुख्यतः दुसऱ्या संघांच्या मठांत वाचले, कारण हा ठराव त्यांच्यावर बंधनकारक नव्हता. ते छापले गेले १७६८ मध्ये. नंतरचे चरित्र छापले गेले १८०६ मध्ये. म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ ते सामान्य वाचकाला ठाऊकच नव्हते. वृद्ध लिओ स्वतःच्या आठवणी चर्मपत्राच्या वळकट्यांवर लिहीत असे आणि त्या त्याने असिसीच्या जोगिणींच्या मठात ठेवायला दिल्या होत्या, असे पुढच्या पिढीतले लेखक सांगतात. त्यांची पुढे पांगापांग झाली.

या लिओची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती कागद जपण्याची आहे. १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर लिओ फार खिन्न असताना फ्रान्सिसने स्वतःच्या हाताने चर्मपत्राच्या एका तुकड्यावर देवाची स्तुती लिहून दिली आणि मागच्या बाजूला लिओसाठी आशीर्वाद लिहिला. लिओने तो तुकडा घडी घालून जन्मभर आपल्या झग्यात बाळगला. फ्रान्सिसनंतर तो पंचेचाळीस वर्षांच्या आसपास जगला. तो तुकडा आजही असिसीला आहे. त्यावरच्या घड्यांच्या रेघा दिसतात. लाल शाईने लिओने बाजूला लिहून ठेवले आहे, की हे फ्रान्सिसने स्वतः लिहिले आहे. खालच्या पिढीला कळावे म्हणून त्याने ही टीप घातली. त्या एका टिपेमुळे आज आपल्याला त्या हस्ताक्षराची खात्री देता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॉल सबातिए नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने ‘खरा फ्रान्सिस कोणता?’ हा प्रश्न नव्याने उभा केला. त्याच्या ग्रंथावर १८९४ मध्ये रोमने बंदी घातली, पण त्यानंतर अभ्यासकांना चैन पडेना. पोथ्या धुंडाळल्या जाऊ लागल्या. कोणती आधीची, कोणती नंतरची, कोणी कोणाचे उतरवून घेतले, यावर शंभर वर्षे वाद झाले.

झाक दालारँ हे फ्रान्समधले इतिहासकार त्याच परंपरेतले. निरनिराळ्या पोथ्यांत विखुरलेले काही तुकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या लक्षात आले, की हे तुकडे चेलानोकरांच्या पहिल्या चरित्रातले नाहीत आणि नंतरच्यातलेही नाहीत. मग मध्ये एखादे चरित्र असले पाहिजे. २००७ मध्ये त्यांनी हे पुस्तक लिहून मांडले. काहींना पटले, काहींना नाही. हातात ग्रंथ नसताना ग्रंथ होता असे म्हणणे सोपे नसते.

सात वर्षांनी, २०१४ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले त्यांचे स्नेही शॉन फील्ड यांनी त्यांना कळवले, की एक लहानशी फ्रान्सिस्कन पोथी विक्रीला आली आहे, तिचे वर्णन वाचून पाहा. जुन्या पोथ्या विकणाऱ्या व्यापाऱ्याकडच्या जाणकार बाईंनी वर्णन काळजीपूर्वक केले होते. पोथीतले चरित्र ओळखीच्या चरित्रांशी तंतोतंत जुळत नाही, हे त्यांनी नोंदवले होते. दालारँ यांनी वाचले आणि त्यांच्या लक्षात आले, की आपण सात वर्षांपूर्वी नुसत्या अनुमानाने सांगितलेला ग्रंथ तो हाच. पोथी एखाद्या खासगी संग्रहात गेली असती तर पुन्हा दिसलीच असती असे नाही. त्यांनी राष्ट्रीय ग्रंथालयाकडे धाव घेतली. ग्रंथालयाने पोथी विकत घेतली आणि २०१५ च्या जानेवारीत ही बातमी जगाला कळली.

या सगळ्या साखळीत किती माणसे आहेत पाहा. जुन्या मालाचे वर्णन मन लावून करणारी एक बाई. ते वर्णन वाचून मित्राची आठवण झालेला एक प्राध्यापक. आयुष्यभर तुकडे जुळवत बसलेला एक संशोधक. खरेदीचा निर्णय वेळेत घेणारे एक ग्रंथालय. यांतला एकजण जरी कंटाळला असता तर पोथी कोणाच्या तरी कपाटात गेली असती.

आता तुम्ही विचाराल, एवढे करून त्यात नवीन काय मिळाले? चमत्कार नाही, गुपित नाही. लहान लहान गोष्टी आहेत. तरुणपणी फ्रान्सिस रोमला गेले, तिथे भिकाऱ्यांत जाऊन बसले, ही गोष्ट पूर्वी माहीत होती. नंतरच्या ग्रंथांत ती तीर्थयात्रा म्हणून येते. या चरित्राप्रमाणे ते व्यापाराच्या कामासाठी गेले होते. कापडाच्या व्यवहारासाठी रोमला गेलेला मुलगा तिथल्या गरिबांसमोर हादरून उभा राहतो, हे चित्र मला जास्त जवळचे वाटते. दुसरी गोष्ट त्यांच्या झग्याची. झगा फाटला की फ्रान्सिस सुती-लोकरी धाग्याऐवजी झाडाच्या सालीच्या दोऱ्याने तो शिवत. कापडवाल्याचा मुलगा! ज्याच्या घरी ठाण्यांवर ठाणी पडलेली, तो झाडाच्या सालीने ठिगळ लावतो. दारिद्र्यावर दहा प्रवचने ऐकून जे कळणार नाही ते या एका तपशिलात कळते. पक्षी, प्राणी, झाडे, पाणी यांना ते भाऊ-बहीण म्हणत, ते का, हेही या चरित्रात ठसवून सांगितले आहे : सगळ्यांचा निर्माता एकच, म्हणून.

ही पोथी वाचली ती कशी, याचे नक्की उत्तर कोणाजवळ नाही, पण तिच्याकडे पाहिले की मला एक वाटते. मोठा, सोनेरी ग्रंथ मठाच्या ग्रंथालयात असतो, यादीत असतो. ठराव आला की यादी पाहून बाहेर काढता येतो. झोळीतल्या गुटक्याची यादी कोण ठेवणार?

आता आपल्या घराकडे वळतो. ज्या शतकात इटलीत हे चालले होते, त्याच शतकाच्या अखेरीस आपल्याकडे म्हाइंभट चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते. ज्याने ज्याने स्वामींना पाहिले त्याला गाठून, विचारून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. लिओ आणि त्याच्या सोबत्यांनी केले तेच काम, आणि दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. मूळ ‘लीळाचरित्र’ पुढे धामधुमीत नाहीसे झाले आणि अनुयायांनी ते आठवून पुन्हा लिहिले, असे महानुभाव परंपरा सांगते.

गोव्याची गोष्ट अधिक कडू आहे. सोळाव्या शतकात इथल्या लोकांच्या पोथ्या जप्त झाल्या, नष्ट झाल्या. ते करणाऱ्या सत्तेच्या सोबत फ्रान्सिसच्या संघाचे साधूही इथे होते. ही गोष्ट झाकून फ्रान्सिसचे गुणगान करणे मला योग्य वाटत नाही. पण त्याच काळातली एक गोष्ट अशीही आहे, की इथल्या रामायण-महाभारताच्या कथा कोणीतरी रोमन लिपीत उतरवून घेतल्या आणि ती बाडे पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात राहिली. त्यांत कोकणी आहे, मराठीही आहे. आपल्या घरातले गेले आणि परक्याच्या कपाटात राहिले. चेलानोकरांच्या चरित्राचेही तेच झाले होते.

शेवटी एक माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच हा विषय मी घेतला. माझे वडील गेल्यानंतर माळ्यावर एक लाकडी पेटी निघाली. तिच्यात लाल कापडात बांधलेली पाच-सहा बासने होती. पणजोबांच्या वेळची असावीत. कडा कसरीने खाल्लेल्या, पाने पिवळी पडलेली. घरात वाचणारे कोणी नव्हते. मोडी तर नाहीच, देवनागरीही जुन्या वळणाची. भंगलेली पोथी घरात ठेवू नये, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. टाकायची म्हणजे कचऱ्यात टाकायची नाही, पाण्यात सोडायची. मग चवथीला गणपती पोहोचवायला गेलो तेव्हा निर्माल्याबरोबर मी ती बासने माझ्या हाताने नदीत सोडली. नमस्कार केला. आपण योग्य तेच केले असे वाटले. एकही बासन सोडून पाहिले नाही.

त्यात काय होते? कदाचित छापून हजार वेळा निघालेले ‘शिवलीलामृत’ असेल. कदाचित शेतीचा हिशेब असेल. कदाचित कोणाला माहीत नसलेल्या एखाद्या कवीची पदे असतील. आता कधीच कळणार नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीने परत दिली असे आपण मानतो. माझी नदी काही परत देणार नाही.

ठराव करणाऱ्या त्या साधूंवर मी मघाशी टीका केली. त्यांच्यात आणि माझ्यात फरक किती? हेतू दोघांचाही चांगला होता.

म्हणून एवढीच विनंती. या वर्षी विसर्जनाला जाताना निर्माल्याच्या टोपलीत जुनी पोथी दिसली तर ती बाहेर काढा. आधी शेवटचे पान पाहा. लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि शक बहुधा तिथे असतो. पानांचा क्रम मोडू नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सुती कापडात बांधून, सोबत वेखंडाचा तुकडा ठेवून, कोरड्या जागी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम सांगा, ती आवडीने करतात. मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात, पुण्याच्या भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवत फिरले. आपल्याला एक फोटो पाठवायचा आहे. आणि जाणकाराने पाहून ‘हे साधेच आहे’ असे सांगितले, तर मग खुशाल आपल्या श्रद्धेप्रमाणे करा. पाहिल्यावर करा.

लिओसारखी एक टीपही लिहून ठेवा. ही पोथी कोणाची, कोणत्या घरातली, कोणी वाचली, एवढ्या दोन ओळी. पुढच्या माणसाला त्याच उपयोगी पडतील.

माझ्या घरी आता पेटी रिकामी आहे. ती मी ठेवून दिली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती भरलेली असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा. मला मोडी थोडीफार लागते, आणि वेळ भरपूर आहे.

गणपती बाप्पा मोरया!